कंदील आणि चांदणी

परवा नातीला घेऊन बाजारात गेले होते. डिसेंबर सुरू झाला की हल्ली आमच्या जयसिंगपुरातही दुकानांच्या दारात लाल टोप्या आणि प्लास्टिकच्या चांदण्या लटकायला लागतात. नातीच्या शाळेत नाताळचा कार्यक्रम होता, तिला चांदणी हवी होती. दुकानदाराने माळ्यावरून खोकं काढलं. त्यात वर चांदण्या आणि खाली दिवाळीचे उरलेले आकाशकंदील, दोन्ही एकाच प्लास्टिकचे, एकाच कारखान्यातले वाटावेत असे. नातीने चांदणी घेतली. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "हे आता आपल्याकडं कशाला? आपलं नाही ते."

तो सहज बोलला, रागाने नव्हे. पण मी गप्प बसले, कारण अगदी हेच वाक्य चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मी एका मुलाला ऐकवलं होतं. ते सांगायचंच आहे, पण त्याआधी थोडा इतिहास. मास्तरकी संपली तरी ही खोड जात नाही, वाचकांनी चालवून घ्यावं.

आपण 'नाताळ' म्हणतो तो शब्द पोर्तुगीज आहे. मूळ लॅटिन, जन्माशी संबंधित. गोव्यातून आणि वसईतून तो मराठीत आला आणि पाव, बटाटा, पगार यांच्यासारखाच घरचा झाला. गंमत म्हणजे आमच्या कोल्हापूर भागात ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांनी आणलाच नाही. रेव्हरंड रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ च्या डिसेंबरात कोल्हापुरात आले, तिथून इथली गोष्ट सुरू होते. कोल्हापूरचं वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. पुढे हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. १८९० च्या दशकात डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत दवाखाना उभा केला, तेच आपलं मिशन हॉस्पिटल. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ ला सुरू झाली होती. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी याच रेल्वेच्या कडेला आपल्या वडिलांच्या, म्हणजे कागलच्या जयसिंगराव घाटग्यांच्या, नावाने आमचं गाव वसवलं. आखीव रस्ते आणि नंबरांच्या गल्ल्या. उदगाव सोडलं, अंकलीचा पूल ओलांडला की मिरज जवळच. त्यामुळे मिशनच्या दवाखान्यात नोकरी करणारी काही कुटुंबं इथेही राहायची.

आता ज्याचं मला फार नवल वाटतं ते सांगते. नाताळ म्हटलं की झाड, चांदणी, केक, सजावट हे सगळं गोऱ्या लोकांनी पेटीत भरून आणलं असणार, असा आपला समज असतो. पण वाइल्डर ज्या न्यू इंग्लंड भागातले, तिथल्या प्युरिटन मंडळींना नाताळ मुळीच पसंत नव्हता. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा झाला होता, तो १६८१ ला उठला. कायदा उठला तरी मनातली अढी दीडशे वर्षं टिकली. तिथे नाताळची सरकारी सुट्टी मिळाली ती १८५६ ला, म्हणजे वाइल्डर कोल्हापुरात येऊन तीन-चार वर्षं झाल्यावर! प्रेस्बिटेरियन पंथाचं माहेर स्कॉटलंड, तिथे तर सुट्टीला १९५८ साल उजाडावं लागलं. प्रवचन, प्रार्थना, शाळा, औषध हे त्या लोकांनी भरपूर आणलं. पण सणाचा थाट म्हणावा तसा त्यांच्याच परंपरेत नव्हता.

मग इथल्या घरांमध्ये सण आला कुठून? झाडाची पद्धत मूळ जर्मनीची. इंग्लंडच्या राणीच्या घरच्या झाडाचं चित्र १८४८ साली वर्तमानपत्रात छापून आलं आणि ती इंग्रजी घरांत पसरली. ती साहेबामागून आपल्याकडे आली, आणि इथे तिला सुरूची फांदी मिळाली. बर्फाऐवजी गादीवाल्याकडचा पिंजलेला कापूस. पण बाकीचं? बाकीचं बायकांनी आणि पोरांनी घरातच शोधलं. धर्म बदलला तरी आईच्या हातची करंजी बदलत नाही. तळणीची कढई, करंजीचं कातणं, शंकरपाळ्यांची लाटी, चकलीचा सोऱ्या, यांना कुणी धर्म विचारला नाही. गोव्यात हीच करंजी 'नेवरी' म्हणून नाताळच्या ताटात बसली, शेजारी दोदोल आणि बेबिंका. काट्याच्या चमच्यावर किंवा नव्या कोऱ्या कंगव्यावर पिठाची गोळी दाबून वळवलेले कुलकुल हे आपल्या शंकरपाळ्यांचे मावसभाऊच.

हे फक्त ताटापुरतं झालं असंही नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुनी पुराणं सुटल्याची रुखरुख होती, त्या जागी त्यांना काहीतरी हवं होतं. म्हणून स्टीफन्सनी थेट मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' लिहिलं, ते १६१६ ला राचोलला छापलं गेलं. तीनशे वर्षांनी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तेच केलं. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, आणि विलायती चालींऐवजी भजन-कीर्तनाचा आग्रह धरत राहिले. झांज आणि मृदंग घेऊन येशूचा जन्म गाता येतो हे त्यांनी दाखवलं. कवीने ओव्या-अभंगांत केलं, ते आमच्या गल्लीतल्या बायकांनी कणकेत आणि कागदात केलं, इतकाच फरक.

बेकरीचीच गोष्ट घ्या. माझ्या लहानपणी घरी ओव्हन कुणाकडे होता? दिवाळीच्या आधी आई रवा-मैदा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा घेऊन बेकरीत जायची. तिथे परात घेऊन बायका ओळीने बसायच्या, नानकटाई थापायच्या आणि आपला पत्रा दुसरीच्या पत्र्याशी बदलू नये म्हणून भट्टीजवळ पहारा करायच्या. त्याच भट्टीत डिसेंबरात केकची भांडी जायची. ज्यांना तेही परवडायचं नाही त्या घरात चुलीवर जाड पातेलं, तळाला वाळू, वाळूत केकचं भांडं आणि झाकणावर निखारे. खालून-वरून सारखी धग. मी स्वतः असा केक खाल्लाय. कडेला किंचित करपलेला असतो, आणि तीच कड पोरं भांडून खातात.

गव्हाणीचंही तसंच. येशूच्या जन्माचा देखावा मांडायची चाल इटलीत ग्रेचो गावी संत फ्रान्सिसने १२२३ साली पाडली असं मानतात. गोव्याकडची कॅथलिक मुलं गव्हाणीसाठी आधी आठ-दहा दिवस भांड्यात नाचणी किंवा भात पेरून हिरवळ उगवतात. आता आमच्या कोल्हापूरकडचा दिवाळीचा किल्ला आठवा. माती, दगड, पोत्याचा तुकडा, आणि वर मोहरी किंवा हळीव पेरून उगवलेली हिरवळ! माझ्या माहितीतल्या एका घरात तर किल्ल्यावरचे मावळेच दीड महिन्यानंतर गव्हाणीपुढे मेंढपाळ म्हणून उभे असायचे. ढाल-तलवार असलेले मेंढपाळ मी फक्त तिथेच पाहिले.

हे घर त्याच मुलाचं, ज्याच्याबद्दल मला सांगायचं आहे.

साल १९८१. मी तेव्हा एका शाळेत पाचवी ते सातवीला मराठी आणि इतिहास शिकवायची, आणि कार्यानुभवाचा तासही माझ्याकडे असायचा. सहामाही परीक्षेसाठी विषय दिला, 'आकाशकंदील'. षटकोनी, खाली झिरमिळ्या, फळ्यावर आकृती काढून दिली होती. मुलांनी बुरुडाकडून कामट्या आणल्या, पतंगाचा कागद आणला, घरून कणकेची खळ आणली. वर्गभर चिकटच चिकट! सगळ्यांचे कंदील डावीकडे-उजवीकडे कललेले. एका मुलाने मात्र पाच टोकांची चांदणी केली. मोठी, लाल कागदाची, अगदी रेखीव.

चांदणी कंदिलापेक्षा अवघड असते हे मला नंतर कळलं. दहा कामट्या लागतात, सगळ्या एका लांबीच्या. एक जरी बोटभर कमी-जास्त झाली तरी टोक वाकडं येतं. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधायच्या, एकीवर एक ठेवून पाचही टोकं दोऱ्याने आवळायची, आणि मधल्या पंचकोनाच्या पाच कोपऱ्यांत बोटाएवढे तुकडे आडवे बसवून दोन्ही चांदण्या एकमेकींपासून फाकवायच्या. तेव्हा तिला पोट येतं आणि आत दिव्याला जागा होते. सहावीतल्या मुलाने हे एकट्याने केलं होतं.

मी त्याला दहापैकी चार मार्क दिले. आणि सगळ्या वर्गापुढे म्हणाले, "हे तुमच्या नाताळचं झालं. मी दिवाळीचं सांगितलं होतं. हे इथलं नाही." तो काही बोलला नाही. चांदणी घेऊन जागेवर जाऊन बसला.

सांगितल्याप्रमाणे केलं नाही म्हणून मार्क कापले, असं मी स्वतःला समजावलं असतं, आणि तेवढं ठीकही होतं. पण 'तुमच्या' आणि 'इथलं नाही' हे शब्द आकृतीबद्दल नव्हते. ते मला त्या वेळीही आतून कळलं असणार, कारण तास संपेपर्यंत मी त्या बाकाकडे बघितलं नाही.

डिसेंबरात एकदा संध्याकाळी त्याच्या गल्लीतून जात होते. त्यांच्या दारात ती लाल चांदणी लावलेली, आत बल्ब. आणि तिच्या शेजारी, मी फळ्यावर काढला होता तसाच, षटकोनी कंदील, झिरमिळ्यांसकट. मी थबकले, तेवढ्यात त्याची आई बाहेर आली. "बाई, या की आत. दारातनं जाऊ नका."

गेले. ताटलीत करंज्या, शंकरपाळ्या, चकली आणि केकचे दोन तुकडे आले. कोपऱ्यात ती मावळ्यांची गव्हाणी. मी विचारलं, कंदील कुणी केला? "त्यानंच. बाईंनी सांगितल्यालं ऱ्हायलं म्हणाला, सुट्टीत बसून केला." मला चकली गिळेना. मी काहीतरी पुटपुटले, की चांदणीही छान आहे, मीच जरा... ती हसली. "असू द्या हो बाई. कामट्या एकाच बुरुडाच्या. दिवाळीला शेजारचं ताट आमच्याकडं येतंय, आता आमचं तुम्ही खावा."

मार्क मात्र मी बदलले नाहीत. गुणपत्रकं वाटून झाली होती. खरं तर बदलता आले असते, मुख्याध्यापकांना एक चिठ्ठी लिहायची होती. मी ती लिहिली नाही. वार्षिक परीक्षेनंतर वडिलांच्या नोकरीमुळे ते कुटुंब गाव सोडून गेलं. चूक झाली असं त्या मुलाला मी तोंडाने कधीच म्हटलं नाही.

निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळाला तेव्हा दोन गोष्टी कळल्या. पहिली, जर्मनीत मोरावियन पंथाचे लोक नाताळात कागदाची अनेक टोकांची चांदणी लावतात. तिचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नीस्की गावच्या शाळेत, भूमिती शिकवताना झाला असं सांगतात. म्हणजे तीही एका मास्तराच्या तासाला, पोरांच्या हातून तयार झालेली! त्या मास्तराने किती मार्क दिले असतील, हा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोचली. मी ज्याला 'इथलं' म्हणत होते त्या 'कंदील' शब्दाचं मूळ शोधलं. तो आपल्याकडे अरबी-फारसीतून आला, 'किंदील'. अरबीत तो ग्रीकमधून गेला, आणि ग्रीकमध्ये लॅटिन 'कांदेला'वरून. इंग्रजीतली 'कॅण्डल' त्याच घरातली. म्हणजे माझ्या फळ्यावरचा अस्सल दिवाळीचा कंदील नावाने रोमहून आलेला, आणि 'चांदणी' हा शब्द मात्र चंद्राच्या घरचा, थेट संस्कृतातून उतरलेला. मी त्या मुलाला अगदी उलटं सांगितलं होतं. मी मराठी शिकवायची, तेही भर वर्गात.

परवा मुलाला हे सगळं सांगितलं नाही. नातीला म्हटलं, ती प्लास्टिकची चांदणी शाळेत दे, घरासाठी आपण करू. कामट्या मिळवायला बरीच पायपीट झाली. खळ मीच केली, चिमूटभर मोरचूद घालायचो पूर्वी झुरळं लागू नयेत म्हणून, तो आता घरात ठेवत नाही. पहिल्या चांदणीचं एक टोक वाकडं आलं, कामटी अर्धं बोट लांब राहिली होती. सोडली, पुन्हा बांधली. दुसऱ्या वेळेला पोट आलं. मुलगा ऑफिसातून आला, जरा वेळ बघत उभा राहिला आणि न बोलता स्टूल आणून खिळ्याला वायर लावून दिली.

शेजारी दिवाळीचा कंदील अजून लटकतोच आहे, काढायचा राहिलाय. राहू दे म्हटलं.

नात विचारत होती, "आजी, दहापैकी किती?" मी म्हटलं, दहा. ते कुणाचे दहा होते, हे तिला एवढ्यात सांगायची गरज नाही. असो.