सिलोन लागलं का गं?



आम्ही चौघी मूळच्या मुंबईतल्या ठाकूरद्वारच्या, एकाच चाळीत वाढलेल्या. आता वयं ऐंशीच्या पुढं गेली. तुमच्या केंद्रानं विचारलं, जुन्या रेडिओबद्दल बोलाल का? आम्ही म्हटलं, बोलू; पण नुसत्या गाण्यांच्या आठवणी नाही. रेडिओवर काय लागायचं आणि ते कोण ठरवायचं, तेही सांगू.

आमच्या मजल्यावर खोल्या पुष्कळ आणि रेडिओ एक. तोही फळीवर, क्रोशाच्या रुमालाखाली. त्याला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी पैसे भरावे लागत. बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आतले व्हॉल्व्ह तापायला वेळ लागायचा, तोवर गॅलरीत पोरीबाळी, हातातलं निवडणं-टिपणं घेऊन आलेल्या बायका, सगळ्या जमायच्या. आत घरची माणसं, दाराशी शेजारीण, आणि कठड्याला टेकून आम्ही.

जवळचं मुंबई केंद्र मीडियम वेव्हवर लागे. त्या लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात, म्हणून फार लांब जात नाहीत. शॉर्टवेव्हच्या लहरी मात्र वर जातात, आकाशातल्या उंच थरावर आपटून चेंडूसारख्या परत खाली येतात. त्यामुळे समुद्रापलीकडचं केंद्रसुद्धा घरात ऐकू येतं. पण तो थर दिवसभर सारखा राहत नाही. म्हणून आवाज मधेच भरून येई, मधेच विरून जाई, मधेच नुसती खरखर. काटा केसाएवढा सरकवत बसावं लागे. "सिलोन लागलं का गं?" ही गॅलरीतून येणारी हाक अजून कानात आहे.

आता सिलोनच का? आपलं सरकारी केंद्र होतं की! तर त्याची गोष्ट अशी.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. आपल्या महाराष्ट्रातलेच, शास्त्रीय संगीताचे जाणकार. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं मत होतं. गाण्यांवर निर्बंध आले, त्यावरून सिनेमावाल्यांशी वाद झाला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस ऑल इंडिया रेडिओवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली.

तिकडे श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनात, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेलं दणकट शॉर्टवेव्ह केंद्र होतं. युद्धानंतर ते तिथल्या सरकारकडे गेलं आणि १९५० पासून जाहिराती घेऊन कार्यक्रम करू लागलं. इकडे जी गाणी बंद झाली, ती तिकडून येऊ लागली. ३ डिसेंबर १९५२ ला 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. दर बुधवारी रात्री. गंमत म्हणजे कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती विमानानं कोलंबोला जात, आणि मुंबईतच केलेला आवाज समुद्र ओलांडून पुन्हा आमच्या गॅलरीत येई!

निवेदक होते अमीन सयानी, तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे. त्यांची सुरुवात "बहनो और भाइयो" अशी. आधी बहिणी, मग भाऊ. एवढ्याशा गोष्टीनं आम्हाला केवढं बरं वाटायचं! ही साधी भाषा त्यांना कुठून मिळाली, तेही ऐका. त्यांच्या आई कुलसूम सयानी मुंबईत बायकांना लिहायला-वाचायला शिकवण्याचं काम करीत. नव्यानं वाचायला शिकलेल्यांसाठी, गांधीजींच्या सांगण्यावरून, त्या 'रहबर' नावाचं पाक्षिक काढत. मजकूर सोप्या हिंदुस्थानीत, आणि लिपी तीन: नागरी, उर्दू आणि गुजराती. मुलगा आईला त्या कामात मदत करी. साक्षरता वर्गातल्या बायकांना समजेल अशी भाषा त्यानं आईकडून घेतली आणि ती घरोघर पोचवली.

आता एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. सिलोन काही आमच्या कळवळ्यानं गाणी लावत नव्हतं. त्यामागे टूथपेस्टचा व्यापार होता. आणि सरकारी केंद्रानं वाईटच केलं असंही नाही. त्याच काळात, १ एप्रिल १९५५ पासून, पुणे केंद्रानं गदिमा आणि सुधीर फडके यांचं 'गीतरामायण' दिलं. एकूण ५६ गाणी, आठवड्यामागून आठवडे, वर्षभर. ते ऐकताना हीच गॅलरी हात जोडून बसायची. केसकरांना चांगलं संगीत लोकांपर्यंत न्यायचं होतं, यात खोट नव्हती. चूक एवढीच, की ऐकणाऱ्यांना त्यांनी विचारलं नाही.

मग ऐकणाऱ्यांनी काय केलं? मोर्चा काढला नाही, भांडण केलं नाही. काटा फिरवला. आणि पत्रं लिहिली. फर्माइशी पाठवण्यात झुमरीतलैया हे तेव्हाच्या बिहारमधलं अभ्रकाच्या खाणींजवळचं गाव इतकं पुढं होतं, की त्याचं नाव देशभर झालं. कधी न पाहिलेली लहान गावं आम्हाला रेडिओमुळे माहीत झाली.

आमच्या मजल्यावर एक काकू होत्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. एकदा दुपारी आम्हा मुलींना बोलावून म्हणाल्या, "माझ्यासाठी एक कार्ड लिहा." कोणतं गाणं हवं ते सांगितलं. खाली नाव काय घालायचं, म्हणून विचारलं, तर गप्प झाल्या. चाळीत त्यांना सगळे थोरल्या मुलाची आई म्हणूनच हाक मारत. बऱ्याच वेळानं त्यांनी आपलं माहेरचं नाव सांगितलं. आम्ही ते पहिल्यांदाच ऐकलं. कार्ड गेलं. नंतर कितीतरी रात्री काकू स्वयंपाक लवकर आटपून दाराशी येऊन बसत. नाव काही आलं नाही. पण तेव्हापासून आम्ही पोरी त्यांना एकट्यात त्या नावानं हाक मारायचो, आणि त्या "ओ" द्यायच्या.

शेवटी सरकारनंच माघार घेतली. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली, तीही आधी शॉर्टवेव्हवरच, मुंबई आणि मद्रासहून. सिनेमाची गाणी परत आली. पुढं १९६७ पासून विविध भारतीवर जाहिरातीही आल्या.

आमच्या गिरगावाला शॉर्टवेव्हचा याहून जुना इतिहास आहे. १९४२ च्या 'चले जाव' चळवळीत वर्तमानपत्रांवर बंधनं होती. तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी चौपाटीवरून गुप्त 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला, ४२.३४ मीटरवर. पोलिसांना चुकवत जागा बदलत राहिले. दाबल्या गेलेल्या बातम्या, आपल्या विदर्भातल्या चिमूर-आष्टीच्यासुद्धा, त्यांनी देशाला सांगितल्या. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडलं. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याचा तुरुंग झाला. आमच्या घरची मोठी माणसं आवाज बारीक करून रेडिओला कान लावायची सवय तेव्हाचीच, असं सांगत.

आता तुमच्याकडे बघा. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. २००६ च्या धोरणानं गावातल्या संस्थांना स्वतःचं केंद्र चालवायची मुभा दिली. २००८ मध्ये तेलंगणच्या माचनूर गावात दलित शेतकरी बायकांचा 'संघम रेडिओ' सुरू झाला, आणि त्याच वर्षी आपल्या माणदेशात म्हसवडलाही केंद्र उभं राहिलं. मात्र अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी अजून नाही. गाणी म्हणा, शेतीचं, आरोग्याचं बोला. पण गावातली बातमी बातमी म्हणून सांगता येत नाही. उषाबेननी ज्यासाठी तुरुंग पत्करला, त्यातलं एवढं अजून उरलं आहे. आपल्या बैठकींत यावर बोला, आणि मागणी लिहून पाठवा.

आणि तोवर एक करा. गटातल्या ज्या बाईचा आवाज आजवर केंद्रावरून गेला नसेल, तिला पुढच्या वेळी माइकसमोर बसवा. गाणं म्हणू दे, ओवी म्हणू दे, नाहीतर नुसतं बोलू दे. पण सुरुवातीला तिचं स्वतःचं नाव तिनं स्वतःच सांगावं. आमच्या काकूंचं तेवढं राहून गेलं.