मंगलोरी कौलाचं कुळ

कोकणातल्या एखाद्या जुन्या घराचं छप्पर उतरवताना त्यातलं कौल हातात घेऊन पाहावं. त्यावर अक्षरं उठलेली असतात: बासेल मिशन टाइल वर्क्स, मंगलोर, 1865. घरमालक पुष्कळदा हेच कौलाचं वय धरून चालतात. खरं तर ते कारखान्याच्या स्थापनेचं वर्ष आहे आणि पुढे अनेक वर्षं ते तसंच छापलं जात होतं. कौलाचा आकार मात्र या वर्षाहूनही जुना आहे, आणि त्याचं मूळ गाव मंगलोर नव्हे.

ते गाव फ्रान्सच्या पूर्व सीमेवरच्या आल्सास प्रांतात आहे, आल्टकिर्श. तिथल्या जिलार्दोनी बंधूंनी 1841 मध्ये एका नव्या कौलाचं पेटंट घेतलं. तोवर कौल म्हणजे एक तर चपटी पाटी, नाही तर अर्धी नळी. पाणी आत येऊ नये म्हणून एक कौल दुसऱ्यावर बरंच चढवावं लागे. त्यामुळे कौलं जास्त लागत, छपराचं वजन वाढे आणि ते पेलायला लाकूडही दणकट लागे. जिलार्दोनींनी कौलाच्या कडांना खाचा आणि उंचवटे दिले. एकाची कड शेजारच्याच्या खाचेत बसू लागली, कौलं एकमेकांना धरून राहू लागली आणि पाणी ठरलेल्या पन्हाळीतून खाली उतरू लागलं. पुढे मार्सेलच्या कारखानदारांनी याच धर्तीचा माल काढला आणि जहाजांत भरून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत पोचवला.

आल्टकिर्शपासून स्वित्झर्लंडचं बासेल शहर जेमतेम तीस किलोमीटरवर. तिथल्या मिशनचे धर्मोपदेशक 1834 मध्ये मंगलोरला आले. त्यांच्यापुढे लवकरच एक रोकडा प्रश्न उभा राहिला. धर्म बदललेल्या माणसाची जात सुटे, आणि जातीबरोबर तिचा धंदाही. या लोकांना पोटाला काम हवं होतं. म्हणून मिशनने विणकाम सुरू केलं, छापखाना काढला. त्या छापखान्याची तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांचं लक्ष नेत्रावतीकाठच्या चिकणमातीकडे गेलं. स्थानिक कुंभार पिढ्यान् पिढ्या ही माती वापरत होतेच. प्लेब्स्ट यांनी तिच्यावर प्रयोग केले आणि 1865 मध्ये मंगलोरमधल्या जेप्पू इथे कारखाना उभा राहिला. तिथे जिलार्दोनींच्या धर्तीचं कौल निघू लागलं. मळलेल्या मातीची लादी साच्यात दाबायची, सुकवायची आणि भट्टीत भाजायची. मातीतल्या लोहामुळे रंग आपोआप लाल येई.

पश्चिम किनाऱ्याने हे कौल पटकन उचललं, ते मुख्यतः पावसामुळे. कोकणात त्याआधी गवताची नाही तर नळ्यांची छपरं असत. कुंभार चाकावर मातीची नळी काढी आणि ती उभी कापून दोन नळे करी. एक उताणा, त्यावर एक पालथा, असे ते नुसते रचून ठेवायचे. वारा, मांजरं, माकडं यांनी ते सरकत, म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी शाकारणी चुकत नसे. मंगलोरी कौलाला पाठीमागे टाचेसारखा उंचवटा असतो, तो रिपेवर अडकतो. चौरस मीटरभर छपराला साधारण पंधरा कौलं पुरतात. फुटेल तेवढंच बदलायचं. सगळं छप्पर उतरवावं लागत नाही.

या कौलाने सुताराचं कामही बदललं. नळ्यांखाली वाकडंतिकडं लाकूड, बांबू, काहीही चालून जाई. इथे रिपा सारख्या अंतरावर आणि सरळ हव्यात, नाही तर खाचेत खाच बसत नाही. आल्सासच्या वीटभट्टीवर ठरलेल्या आकाराचं माप मालवण-वेंगुर्ल्याचा सुतार आपल्या गजावर मोजू लागला. तो भट्टीवाला आणि हा सुतार यांची कधी गाठ पडली नाही, पडण्याचं कारणही नव्हतं. कौलं गलबतांतून बंदराबंदराला उतरत. गोव्यातली घरं, मुंबईच्या चाळी, शाळा, कचेऱ्या यांच्यावर तीच चढली. त्याच मापाचं काचेचं कौल निघालं आणि अंधाऱ्या माजघरात उजेडाचा कवडसा पडू लागला. मुंबईपलीकडे पूर्व आफ्रिकेच्या बंदरांतही हा माल गेला.

संस्कृतींना जोडणाऱ्या वस्तूंबद्दल बोलताना आपण फक्त जोडलं गेलेलं मोजतो. या कौलाने काही तोडलंही. गावोगावच्या कुंभारांचा नळे घडवण्याचा धंदा हळूहळू बसला. भट्ट्यांसाठी जंगलातलं लाकूड गाड्या आणि होड्या भरून येत राहिलं. दुसरीकडे, ज्यांना जातीने बाहेर काढलं त्यांना याच भट्टीवर मजुरी मिळाली. हिशेब मांडायचा तर या दोन्ही बाजू मांडायला हव्यात.

आकार एकदा किनाऱ्यावर रुजला, मग तो मिशनचा राहिला नाही. मंगलोरच्या अल्बुकर्क कुटुंबासारख्या स्थानिक कारखानदारांनी तेच कौल स्वतःच्या नावाने काढलं; त्यांच्या कौलांवर 1868 असतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने मिशनचे उद्योग शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतले. पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. मालक बदलले, पण साचा बदलायची गरज कुणाला वाटली नाही. हे कौल टिकलं ते उपयोगी होतं म्हणून, आणि स्थानिक मातीत, स्थानिक हातांनी करता येत होतं म्हणून. परक्या मुलखाबद्दलच्या प्रेमाचा त्यात काही भाग नव्हता.

आता स्लॅब आला, पत्रा आला. कोकणात वानरांचा उपद्रव आणि लाकडाचा खर्च यांना कंटाळून अनेक जण कौलं उतरवतात आणि कौलाच्या आकाराचे रंगीत पत्रे घालतात. त्यांची अडचण खरी आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. एवढंच करावं: उतरवलेली कौलं भरावात टाकण्यापूर्वी निवडून घ्यावीत. धड असलेली कौलं गोठ्यावर, पडवीवर पुन्हा चढतात. आणि वेगवेगळ्या छापाचं एकेक कौल शाळेला किंवा गावच्या वाचनालयाला द्यावं. आपल्या बंदरात कुठून काय उतरत होतं याचा तो अस्सल दाखला आहे.