सौदामिनीचें जहाज

१९३६ सालीं पुण्याच्या प्रभात कंपनीनें काढलेल्या चित्रपटांपैकीं दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ घरोघर पोहोंचला. शांतारामबापूंचा हिंदी ‘अमरज्योति’ मात्र पुढें जवळजवळ विस्मृतींत गेला. चांच्यांची गोष्ट म्हणून तो बाजूला सारला गेला असेल, तर तो अन्यायच झाला.

एका प्राचीन बंदराच्या राज्यांत ही कथा घडते. सौदामिनी आपल्या लहानग्या मुलाचा ताबा मागते आणि राणी तो नाकारते. स्त्रीला तो हक्कच नाहीं. सिंहासनावर स्त्री बसलेली असूनहि हा निकाल लागतो, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. मग सौदामिनी चांच्यांची नायिका बनते, राजघराण्याच्या जहाजावर चाल करते आणि न्यायमंत्री दुर्जय याला पकडून त्याचा पाय तोडते.

कथा के. नारायण काळे यांची. ते नाट्यमन्वंतराच्या संस्थापकांपैकीं एक. त्या संस्थेनें १९३३ सालीं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणून, स्त्रीला एक आणि पुरुषाला दुसरा न्याय लावणाऱ्या नीतीचा प्रश्न दिवाणखान्यांत मांडला होता. तोच प्रश्न येथें समुद्रावर आला. दिवाणखान्यांतील नायिकेला शब्दांनींच भांडावें लागतें. सौदामिनीच्या हातीं तरवार आहे.

दुर्गाबाई खोटे आणि चंद्रमोहन समोरासमोर असतात तोंवर चित्रपट ताठ उभा राहतो. दुर्गाबाईंच्या नजरेंत सूड आहे, पण त्याखालीं मूल गमावलेली आई कोठेंहि लपत नाहीं. राजकन्या नंदिनी, म्हणजे शांता आपटे, जहाजावर सांपडल्यानंतर मात्र कथेची वीण सैल होते. दुर्जय नंदिनीवर भाळतो, नंदिनी सुधीर या मेंढपाळावर. आणि हा सुधीरच सौदामिनीचा हरवलेला मुलगा निघतो! मास्तर कृष्णरावांच्या चाली गोड आहेत, पण त्यांनीं ही उणीव झांकत नाहीं. योगायोगानें मूल परत मिळालें, म्हणून कायद्याला उत्तर देण्याची पाळीच आली नाहीं. जें मागितलें होतें न्याय म्हणून, तें मिळालें नशीब म्हणून. पुढच्याच वर्षीं ‘कुंकू’ काढतांना शांतारामबापूंनीं जहाज आणि तरवार दोन्ही टाकून दिलीं, आणि प्रश्न अधिक धारदार झाला.

सौदामिनीचें गाऱ्हाणें काल्पनिक नव्हतें. १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याप्रमाणें बाप हयात असून नालायक ठरलेला नसेल, तर न्यायालय दुसरा पालक नेमूं शकत नसे. १९३७ च्या कायद्यानें हिंदु विधवेला मालमत्तेंत मर्यादित वांटा दिला. आईच्या पालकत्वाला त्यानें हात लावला नाहीं. १९५६ च्या कायद्यानेंहि बाप पहिला नैसर्गिक पालक आणि ‘त्याच्यानंतर’ आई, असाच क्रम ठेवला. ‘नंतर’ म्हणजे बापाच्या मृत्यूनंतरच नव्हे, तर त्याच्या अभावींहि, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयानें लावला तो १९९९ सालीं. तोंवर चित्रपटाला ६३ वर्षें होऊन गेलीं होतीं.

दुर्गाबाईंनीं पुढें सुमारें दोनशें चित्रपटांत कामें केलीं आणि १९८३ सालचें दादासाहेब फाळके पारितोषिक त्यांना मिळालें. १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’मध्यें त्या जोधाबाई झाल्या. तेथेंहि पुत्रासाठीं त्यांना सिंहासनाकडेच दाद मागावी लागते. यावेळीं मात्र राजवाड्याच्या आंतून.