विजेपासून निवारा

बेंजामिन फ्रँकलिन यानें १७५३ सालीं घरें विजेपासून राखण्याची रीत प्रसिद्ध केली. छपरावर धातूचा उंच दांडा बसवून त्याची तार ओल्या जमिनींत पुरली, म्हणजे वीज भिंती न फोडतां भूमींत उतरते. खर्च एकदांचा, लाभ पुष्कळ वर्षांचा. परंतु १९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा भाताचा मुलूख आहे. रोवणीच्या दिवसांत येथील बायामाणसें घरीं नसतात, बांधींत असतात. पाऊस कोसळूं लागला कीं मोहाखालीं आडोसा शोधतात, आणि वीज बहुधा उंच झाडावरच पडते. म्हणून घरावरील दांड्याआधीं शेताजवळ दांडा बसविलेला पक्का निवारा हवा. घर राखावयाचें तें माणसांसाठींच.