सायकलीची वहिवाट

आपल्या कोकणात दोन शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले, म्हणजे जाणती माणसे फार चौकशी करीत नाहीत. एवढेच विचारतात, "गडगा की वाट?" वहिवाटीच्या वाटेवरून आपल्याकडे जेवढे अर्ज झाले असतील, तेवढे सोन्यानाण्यावरूनही झाले नसतील. शेताकडे जाणारी वाट कोणी अडवली, तर तहसीलदाराकडे दाद मागता येते, आणि त्यासाठीचा मामलेदार न्यायालयांचा कायदा थेट 1906 सालचा आहे. तेव्हा वाटेचे भांडण आपल्याला नवे नाही. नवे आहे ते सायकलीच्या वाटेचे.

भगिनींना आठवत असेल, आपल्या मंडळाच्या एका बैठकीत ही गोष्ट निघाली. शाळेत सायकलने जाणाऱ्या मुलींसाठी रस्त्याच्या कडेला हातभर पट्टी राखून ठेवावी, असा अर्ज द्यावा की नाही, एवढाच प्रश्न होता. एक काकी म्हणाल्या, "माझी नात चिऱ्यांचा डंपर दिसला की सायकलवरून उतरते आणि गटारात पाय टाकून उभी राहते. रोज दोन वेळा माझा जीव टांगणीला." त्यावर दुकान चालवणाऱ्या एक वहिनी म्हणाल्या, "पट्टी आखलीत, तर आमच्या दारात टेम्पो कुठे उभा राहायचा? पोती काय मी डोक्यावरून आणू? आधीच रस्ता तुंबतोय, त्यात आणखी अरुंद करा!" दोघींचे म्हणणे खोटे नव्हते. चहा झाला, हळदीकुंकू झाले, ठराव मात्र झाला नाही. दोघी जाताना एकमेकींकडे पाहतही नव्हत्या.

त्या दिवसापासून मी मनात घेतले, की हे भांडण आणखी कोठे कोठे झाले आणि त्याचे पुढे काय झाले, ते शोधावे. जे हाती लागले ते येथे मांडते.

आज आपण जी सायकल पाहतो, दोन सारख्या चाकांची आणि साखळीने मागचे चाक फिरवणारी, ती इंग्लंडात 1885 साली तयार झाली. 1888 मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि हाडे खिळखिळी करणारी स्वारी मऊ झाली. त्या काळी मोटारी नव्हत्या. रस्ते चांगले करा, खड्डे बुजवा, अशी मागणी अमेरिकेत आणि युरोपात प्रथम मोठ्याने केली ती सायकलवाल्यांनी. म्हणजे ज्या गुळगुळीत रस्त्यावर पुढे मोटार धावू लागली, तो मागून घेण्यात सायकलीचाही वाटा होता.

पुढे मोटारी वाढल्या आणि भांडण सुरू झाले. 1934 च्या डिसेंबरात लंडनच्या पश्चिमेकडील एका रस्त्यालगत सायकलींसाठी खास मार्ग बांधून तेथील वाहतूक मंत्र्यांनी त्याचे उद्घाटन केले. आपल्याला वाटेल, सायकलवाले आनंदले असतील. झाले उलटेच! सायकलवाल्यांच्या संघटनेनेच त्याला विरोध केला. त्यांची भीती अशी, की आज आम्हाला कडेची पट्टी देतील आणि उद्या मुख्य रस्त्यावरून हाकलून देतील. आपल्याकडे एखाद्याला मागच्या दाराने पायवाट काढून देतात, आणि दोन वर्षांनी पुढच्या अंगणातून जायला बंदी करतात, तसेच ते होते.

आता आपल्या जवळचे पाहू. आपल्यापैकी पुष्कळांची मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्याला आहेत. या पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसले तर पोलीस अडवी. साडीचा पदर खोचून कामावर जाणाऱ्या स्त्रिया आणि महाविद्यालयात जाणाऱ्या मुली सायकलीवर दिसत, आणि त्याचे कोणाला नवल वाटत नसे. तेव्हा सायकलीसाठी वेगळी पट्टी नव्हती, कारण सगळा रस्ताच तिचा होता.

याच पुण्यात आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले महर्षी धोंडो केशव कर्वे राहिले. विधवा भगिनींसाठी त्यांनी काढलेला आश्रम 1900 साली हिंगण्याच्या माळावर गेला. दिवसा फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवून ते संध्याकाळी आश्रमाचे सामान घेऊन चिखलाची वाट तुडवीत पायी हिंगण्याला जात. आज त्या बाजूच्या रस्त्याला कर्वे रस्ता असे नाव आहे, आणि तो पुण्यातील अत्यंत गर्दीच्या रस्त्यांपैकी एक आहे. वरून मेट्रो गेली, उड्डाणपूल झाला. परंतु ज्यांच्या नावाचा रस्ता, त्यांच्यासारखे पायी चालणे मात्र तेथे कठीण झाले.

हे झाले कसे? सायकलींनी रस्ता सोडावा असा ठराव कोणी केला नाही, की दवंडी पिटली नाही. प्रथम स्कूटरी आल्या, मग मोटारसायकली, मग घरोघर मोटारी. ज्याचे वाहन जड, त्याला दुसरा भिऊन बाजूला होतो. सायकल प्रथम कडेला गेली, मग गटाराच्या काठाला आणि शेवटी माळ्यावर. आईबापांनीच मुलांना सांगितले, "नको रे सायकल, भीती वाटते." मुलाला सायकलीऐवजी स्कूटर घेऊन दिली, म्हणजे रस्त्यावर आणखी एक स्कूटर वाढली. 2018 मध्ये परिवहन खात्याच्या आकड्यांवरून दिसले, की पुण्यात नोंदलेली वाहने 36 लाखांवर गेली आणि शहराची लोकसंख्या सुमारे 35 लाख! माणसांपेक्षा वाहने जास्त.

मग जागे होऊन उपाय सुरू झाले. केंद्र सरकारने 2006 मध्ये शहरी वाहतुकीचे धोरण ठरवले. त्यात रस्त्याची जागा वाहनांना नव्हे तर माणसांना वाटून द्यावी, असे तत्त्व मांडले. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात कात्रज, स्वारगेट आणि हडपसर यांना जोडणारा जलद बसचा मार्ग सुरू झाला, आणि त्याच्या कडेने सायकलींचे पट्टे झाले. लगेच तक्रारी निघाल्या. मोटारवाले म्हणाले, आमचा रस्ता अरुंद झाला. दुकानदार म्हणाले, गिऱ्हाईक गाडी कोठे लावील? आणि सायकलवाले म्हणाले, पट्ट्यात मधेच विजेचा खांब आहे, पुढे टपरी आहे, त्यापुढे कोणाची गाडी उभी आहे, आणि चौक आला की पट्टा नाहीसाच होतो. पट्टा रिकामा दिसे, म्हणून लोक म्हणत, "पाहा, कोणी सायकल चालवीतच नाही." आणि सायकल चालवण्याजोगा पट्टाच नव्हता, म्हणून कोणी चालवीत नव्हते.

डिसेंबर 2017 मध्ये पुणे महानगरपालिकेने सायकलींचा मोठा आराखडा मंजूर केला. त्यात 800 किलोमीटरांहून अधिक मार्ग योजले होते. औंध भागात पदपथ रुंद करून सायकलींना जागा दिली, तेव्हा तेथील रहिवाशांतही दोन तट पडले. म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना मोकळे चालायला मिळाले, हे एका तटाचे म्हणणे. रोजची कोंडी वाढली, हे दुसऱ्याचे. आपल्या बैठकीत जे झाले, तेच तेथे मोठ्या प्रमाणात झाले.

मुंबईची दोन उदाहरणे तर विचार करण्याजोगी आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलात सायकलींसाठी मार्ग बांधले. त्यांवर मोटारी उभ्या राहू लागल्या. शेवटी 2025 मध्ये, वाहतुकीची कोंडी कमी करायची म्हणून, ते काढून ती जागा मोटारींच्या रस्त्याला देण्याचे ठरले. दुसरे पवईचे. तेथे तलावाच्या काठाने भर घालून सायकलमार्ग करण्यास नागरिकांनी विरोध केला आणि 6 मे 2022 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदेशीर ठरवले. तलावाचीही एक वहिवाट असते. सायकलीचे नाव घेऊन ती बुजवता येत नाही. मोटारींच्या रस्त्यातून जागा मागायला आपण कचरतो, आणि जो बोलू शकत नाही त्या पाण्याकडून घेतो, हा न्याय नव्हे.

मग हे भांडण कोठे मिटलेच नाही का? थोडेबहुत मिटले ते हॉलंडात. आज त्या देशाचे नाव घेतले की सायकल आठवते, म्हणून आपल्याला वाटते तेथे पहिल्यापासून तसेच असेल. पण तेथेही युद्धानंतर मोटारींनी रस्ते व्यापले. 1971 साली त्या लहानशा देशात रस्त्यांवर सुमारे 3300 माणसे मेली, त्यांत चारशेवर मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. 1973 मध्ये तेलाची टंचाई आली आणि काही रविवार मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर हेग आणि टिलबर्ग या शहरांत सरकारी खर्चाने नमुन्याचे सायकलमार्ग केले. हेगच्या दुकानदारांनी धंदा बुडेल म्हणून कडाडून विरोध केला. पुढे अनुभव असा आला, की एकच सुरेख मार्ग करून फारसे साधत नाही. घरापासून शाळेपर्यंत, बाजारापर्यंत सलग जाळे हवे. डेल्फ्ट या गावाने तसे जाळे विणले. एका पाखाडीच्या मधल्या चार पायऱ्या काढून टाकल्या, तर उरलेल्या शंभर पायऱ्यांचा काय उपयोग?

आणखी एक उदाहरण आपल्या देशातले, आणि खास भगिनींचे. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 नंतर साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. हजारो खेडवळ स्त्रिया, शेतमजूर आणि खाणीत दगड फोडणाऱ्यासुद्धा, सायकल शिकल्या. लोकांनी टिंगल केली, पण बायका बसने जाण्यासाठी खोळंबायच्या राहिल्या नाहीत. पाणी, बाजार, दवाखाना, मुलांची शाळा यांसाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागेना. आपल्या महाराष्ट्रातही मागास तालुक्यांतील गरजू मुलींना शाळेसाठी सरकार सायकली देते. सायकल दिली आणि वाट दिली नाही, तर मुलीने ती चालवायची कोठे?

आता आपल्या मिरजोळ्याकडे येते. औद्योगिक वसाहत आली. 26 जानेवारी 1998 पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. अलीकडच्या वर्षांत मिऱ्या ते कोल्हापूर महामार्गाचे रुंदीकरण हाती घेतले गेले. रोजगार आला, दवाखाना जवळ आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याबरोबर गाड्याही आल्या. रस्ता रुंद झाला की कोंडी संपेल असे वाटते. पण मोठे कपाट घेतले की सामानही वाढते आणि वर्षभरात ते पुन्हा भरते, हा अनुभव प्रत्येक घरात आहे. आपली जमीन चढउताराची, पाऊस धोधो, हेही खरे. चढावर सायकल हातात धरूनच चालावे लागते. म्हणून पुण्याची किंवा हॉलंडची नक्कल येथे चालणार नाही.

मला जे समजले ते एवढेच. वहिवाट दोन गोष्टींनी टिकते: वाट मोकळी राहिली पाहिजे आणि वाटेने कोणीतरी रोज चालले पाहिजे. नुसती पट्टी आखून तीवर टेम्पो उभे राहिले, तर ती मोडेल. आणि पट्टी मोकळी ठेवून मुलींनी सायकली काढल्याच नाहीत, तरीही ती मोडेल, आणि दुकानदारांच्या पोटावर उगीच पाय दिल्यासारखे होईल.

तेव्हा माझी सूचना अशी. अर्ज देण्यापूर्वी काकींनी आणि वहिनींनी, आणि आपण सर्वांनी, शाळा सुटण्याच्या वेळी तो रस्ता एकदा बरोबर चालून पाहावा. टेम्पो कधी येतो, किती वेळ थांबतो, डंपर कधी जातात, मुली कोठे उतरतात, हे वहीत लिहून काढावे. कदाचित पट्टी दिवसभर लागणार नाही. शाळा भरण्यासुटण्याची वेळ मोकळी ठेवली आणि माल दुपारी उतरवला, तरी भागेल. त्या वहीवरून अर्ज लिहावा आणि त्यावर पहिल्या दोन सह्या काकींच्या आणि वहिनींच्या असाव्यात.

गडग्याच्या भांडणात मामलेदार निकाल देतो, पण शेजार काही परत देत नाही. तो आपला आपणच राखावा लागतो.