गप्प सेन्सर आणि स्पालान्झानीची वटवाघळे

मोटार मागे घेताना बंपरमधून येणारी 'पीं-पीं' आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे. 1 जुलै 2019 पासून भारतात नव्या प्रवासी मोटारींना मागच्या बाजूस पार्किंग सेन्सर बसवणे सक्तीचे झाले. हे सेन्सर बिघडतातही. मागे काहीच नसताना सेन्सर ओरडत राहिला, तर नुसता वैताग येतो. दुसरा बिघाड वाईट. सेन्सर गप्प बसतो, आणि तो 'मागे कोणी नाही' म्हणून गप्प आहे की 'मलाच ऐकू येत नाही' म्हणून, हे चालवणाऱ्याला समजत नाही. गाडीमागे लहान मूल खेळत असेल तर हा घोटाळा जिवावर बेतू शकतो. हा बिघाड शोधायची जी रीत आहे, तिचा पहिला धडा आम्हांला गॅरेजपेक्षा इटलीतल्या पाविया गावी, अठराव्या शतकात सापडतो.

तेथील प्राध्यापक लाझारो स्पालान्झानी यांना 1793 साली असे दिसले, की मेणबत्ती विझवली की पाळलेले घुबड भिंतीवर आपटते, पण वटवाघूळ मात्र बिनधास्त उडत राहते. त्यांनी वटवाघळांचे डोळे निकामी केले. (आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.) तरीही ती खोलीत टांगलेल्या दोऱ्या चुकवून उडत होती. मग एकेक इंद्रिय बंद करून पाहायचे ठरले. त्वचेला काही जाणवू नये म्हणून अंगाला रोगण फासले, नाक बंद केले. फारसा फरक पडला नाही. जिनिव्हाचे शल्यवैद्य लुई ज्युरिन यांनी 1794 मध्ये कान बुजवले, तेव्हा मात्र वटवाघळे जिथेतिथे आपटू लागली.

यानंतर स्पालान्झानींनी जे केले ते आम्हांला सगळ्यांत मोलाचे वाटते. कानात काही कोंबल्यामुळे प्राणी नुसता बावचळला असेल, अशी शंका घेता येते. म्हणून त्यांनी कानात बसतील अशा बारीक पितळी नळ्या करवून घेतल्या. नळ्या उघड्या असताना वटवाघूळ नीट उडे. त्याच नळ्या बुजवल्या की आपटे. म्हणजे दोष नळीचा नव्हता, बंद झालेल्या कानाचा होता.

एवढे होऊनही 1795 मध्ये फ्रान्सचे विख्यात प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी स्वतः प्रयोग न करता, हे सारे पंखांच्या स्पर्शज्ञानाने घडते असे मत दिले, आणि मोठ्या नावामुळे तेच दीर्घकाळ चालले. अंधारात उडणाऱ्या वटवाघळाचा आवाज कोणाला ऐकूच येत नव्हता. मग कानाचा उपयोग काय? आपल्याला ऐकू आले नाही म्हणजे आवाज नाही, असे धरले गेले.

1938 मध्ये हार्वर्ड येथील विद्यार्थी डोनाल्ड ग्रिफिन आपली वटवाघळे घेऊन भौतिकीचे प्राध्यापक पिअर्स यांच्याकडे गेला. उच्च वारंवारतेचा ध्वनी ऐकण्याजोगा करून देणारे उपकरण पिअर्स यांच्याजवळ होते. पिंजरा समोर आणताच उपकरण खडखडू लागले. गंमत अशी, की तीच वटवाघळे खोलीत उडताना मात्र फारसे काही ऐकू येईना, कारण उपकरण फक्त समोरून थेट येणारा ध्वनी पकडत असे. पुढे ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलाम्बोस यांनी दाखवले, की कान मोकळे ठेवून तोंड बांधले तरीही वटवाघूळ आपटते. बोलणे आणि ऐकणे, दोन्ही लागते.

सेन्सरमध्ये तोंड आणि कान ही एकच वस्तू असते. दाब दिल्यावर काही स्फटिकांवर विद्युतभार निर्माण होतो, हे क्यूरी बंधूंनी 1880 मध्ये शोधले. विद्युतदाब दिल्यावर तेच स्फटिक किंचित आकार बदलतात, हे पुढच्या वर्षी सिद्ध झाले. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी लांजव्हॅं यांनी हा गुण वापरला. आपल्या बंपरमध्ये स्फटिकाऐवजी असाच गुण असलेली सिरॅमिक चकती ॲल्युमिनियमच्या वाटीला आतून चिकटवलेली असते. ती सेकंदाला साधारण 40,000 वेळा कंप पावून एक छोटा स्पंद सोडते आणि ऐकत बसते. 1 मीटरवरच्या भिंतीचा प्रतिध्वनी सुमारे 6 मिलिसेकंदांत परततो.

पण टोला दिल्यावर घंटा घुमते, तशी वाटीही घुमते. हे घुमणे 1 मिलिसेकंद चालले, तर तेवढ्यात ध्वनी 34 सेंटिमीटर जाऊन येतो. म्हणून 17 सेंटिमीटरच्या आतल्या वस्तूचा प्रतिध्वनी त्यात बुडून जातो. वाटीवर चिखल किंवा बर्फ साचला की हे घुमणे बदलते आणि खोटी ओरड सुरू होऊ शकते. बंपर रंगवताना सेन्सरवरही रंगाचे जाड थर चढवले, तर वाटी जड होऊन नीट कंप पावत नाही. तेव्हा आधी ओल्या फडक्याने पुसून पाहावे. कित्येक 'बिघाड' तेवढ्यानेच जातात.

राहिला गप्प सेन्सर. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद ठेवून, नुसती किल्ली फिरवून आणि रिव्हर्स गिअर टाकून सेन्सर चालू करता येतात. हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत आणि एकेका सेन्सरजवळ कान न्यावा. मूळ ध्वनी ऐकू येणार नाही, पण स्पंद एकदम सुरू होऊन थांबतो, त्याची बारीक टिकटिक ऐकू येते. टिकटिक नसेल, तर तो सेन्सर शेजारच्या चांगल्या सेन्सरशी बदलून पाहावा. दोष सेन्सरबरोबर नव्या जागी गेला, तर सेन्सर बाद. तो सीलबंद असल्याने नवाच बसवावा लागतो. दोष जुन्याच जागी राहिला, तर वायर, गंजलेला कनेक्टर किंवा नियंत्रक तपासावा. पितळी नळी उघडी आणि बंद करून पाहण्याचीच ही रीत आहे.

आता बरेच नियंत्रक ही तपासणी स्वतःच करतात. स्पंद सोडल्यावर वाटी घुमली का, ते आधी पाहायचे. घुमण्याचा मागमूस नसेल, तर ती शांतता 'मागे कोणी नाही' अशी न मानता चालकाला बिघाडाची खूण द्यायची. ज्या घुमण्यामुळे जवळचे दिसत नाही, तेच इथे सेन्सर जिवंत असल्याचा पुरावा ठरते.