बी, कलम आणि औरंगाबादच्या बागा

औरंगाबादच्या बागांचा इतिहास लिहावयाचा तर तो प्रथम पाण्याचा इतिहास म्हणून लिहावा लागतो; कारण 1610 मध्ये मलिक अंबराने खडकी या खेड्याच्या जागी आपले नगर वसविले, तेव्हा बारमाही नदीचा आधार नसलेल्या त्या खडकाळ भूमीस त्याने डोंगराच्या पोटातील झरे शोधून, भुयारी नहरींतून आणि खापरी नळांतून पाणी पाजले, म्हणूनच तेथे पुढे बाग नावाची वस्तू संभवली. 1653 मध्ये दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने या नगरास आपले नाव दिले, बीबीच्या मकबऱ्याभोवती चौरस ताटव्यांचे उद्यान आखले गेले, पाणचक्कीचा हौद भरू लागला, आणि दिल्ली दरवाजाच्या बाजूस, आज हिमायत बाग या नावाने ओळखली जाणारी सुमारे 300 एकरांची विस्तीर्ण बाग उभी राहिली. हौद कोणी बांधला, नहर कोणाच्या आज्ञेने आली, खर्च कोणत्या खात्यातून झाला, हे दप्तरांतून आणि शिलालेखांतून थोडेबहुत सापडते. त्या बागेतील एखाद्या गोड फळाच्या झाडाची मूळ बी कोणी राखली आणि कोणाच्या हाताने ती मातीत गेली, हे मात्र कोणत्याही दप्तरात सापडत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच न लिहिलेला भाग होय.

बागाइतीत झाड वाढविण्याच्या दोन रीती आहेत, आणि त्यांची कार्ये परस्परांहून सर्वस्वी भिन्न आहेत. कलम अथवा कंद लावला असता जुन्याच झाडाचे आयुष्य पुढे चालते. जे फळ आजोबांनी चाखले तेच नातवाच्या हाती येते. बी लावली असता मातेचे आणि पित्याचे गुण नव्याने मिसळतात, आणि जे उगवते ते त्यापूर्वी जगात कधीच अस्तित्वात नव्हते. ते बहुधा मातेहून निकृष्ट निघते, क्वचित तिच्या बरोबरीचे निघते, आणि फारच क्वचित तिच्याहून सरस. गोव्यात पोर्तुगीज पाद्रींनी आंब्यावर कलमे बांधण्याची विद्या रुजविली आणि हापुसासारख्या जाती अमर केल्या, हे सर्वश्रुत आहे. परंतु कलम बांधण्याजोगा तो पहिला आंबा कोठल्या तरी कोयीतूनच उगवला होता, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही. राखणाऱ्याचे नाव उरले आणि निवडणाऱ्याचे बुडाले, असा हा प्रकार आहे.

निवडणारा कोण असणार, हे बहुतांशी एकाच गोष्टीवर ठरते असे मला वाटते: बी आपला गुण दाखविण्यास किती काळ घेते.

या दृष्टीने डेलियाचे उदाहरण अत्यंत बोधप्रद आहे. मेक्सिकोच्या डोंगरांतील हे फूल 1789 मध्ये तेथील वनस्पती उद्यानातून माद्रिदला पोहोचले, आणि 1791 मध्ये काव्हानिलेस या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने आंद्रेस डाल या स्वीडिश पंडिताच्या स्मरणार्थ त्याचे नामकरण केले. त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आत युरोपात त्याचे शेकडो प्रकार झाले, याचे कारण त्याच्या बीजातच दडलेले आहे. बहुतेक वनस्पतींच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात. बागेतील डेलियात आठ संच मिळून 64 गुणसूत्रे असतात, आणि त्यामुळे एकाच बोंडातील दोन बियांची फुलेही एकमेकांस ओळख देत नाहीत. आपल्याकडे पावसाळा ओसरल्यावर भाद्रपद-आश्विनात बी पेरली, तर पौष-माघापर्यंत फूल डोळ्यांसमोर उभे राहते. म्हणजे एका हिवाळ्यात, चार कुंड्यांच्या अंगणात, कोणीही गृहस्थ अथवा गृहिणी नव्या जातीची जन्मदाती होऊ शकते. त्यासाठी फूल कोमेजताच खुडण्याची सवय मात्र मोडावी लागते. पाकळ्या गळाल्यावर देठावर जे राहते ते आणि न उमललेली कळी नवशिक्यास सारखीच वाटते. पण कळी बटनासारखी गोल व चपटी असते, आणि बीचे बोंड निमुळते होत शेंड्याकडे टोकदार होते. ते देठावरच महिना-सव्वा महिना राहू द्यावे, पिवळट व कागदासारखे कोरडे झाल्यावर उतरवावे, आणि आतील काळसर, चपट्या, भरलेल्या बिया पोकळ बियांतून वेगळ्या कराव्यात. माघ-फाल्गुनातील मराठवाड्याची कोरडी हवा या कामास फारच अनुकूल असते. थंड व ओल्या देशांत बोंडे कुजतात म्हणून तेथील बागवान हळहळतात, ती अडचण येथे नाही. येथील संकट पुढे येते, ते वैशाखाचे. तेव्हा निवडलेल्या झाडाचा कंद सावलीत, कोरड्या वाळूत जपला नाही, तर एका हिवाळ्याची निवड एका उन्हाळ्यात नष्ट होते.

डेलिया ज्या खंडातून आला त्याच खंडातून आलेल्या दुसऱ्या एका वनस्पतीने मात्र औरंगाबादच्या परिसरात असे घर केले की ती परकी आहे हे सांगितले तरी कोणास पटत नाही. चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेल्या इब्न बतूताने तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद करून ठेवली आहे. आज त्या किल्ल्याच्या उतारांवर ज्याच्याशिवाय शरद ऋतूची कल्पनाच करवत नाही, ते सीताफळ त्याच्या नोंदीत असण्याचा संभव नव्हता. कनिंगहॅमसारख्या थोर पुरातत्त्वज्ञास भारहुतच्या शिल्पांत सीताफळ दिसले आणि त्यावरून एके काळी वादही माजला. तथापि सीताफळाचे बहुसंख्य सगोत्र अमेरिकेतच आढळतात, आणि पोर्तुगीजांच्या जहाजांनी ते इकडे आणले, हाच पक्ष मला ग्राह्य वाटतो.

दौलताबादच्या सीताफळाचा इतिहास हा केवळ बीचा इतिहास आहे. तेथील उतारांवर कोणी आळी केली नाहीत, कोणी नहर नेली नाही, कोणी कलमे बांधली नाहीत. फळ खाऊन फेकलेल्या बियांतून, पाखरांनी आणि वानरांनी विखुरलेल्या बियांतून, मुरमाड जमिनीत आणि दगडांच्या सांदीत ही झाडे उगवली. आणि पानांच्या कडवटपणामुळे शेळीने त्यांस तोंड लावले नाही, म्हणूनच जेथे दुसरे झुडूप टिकले नसते तेथे ती टिकली. सीताफळाच्या फुलात स्त्रीकेसर आधी पक्व होतो आणि पुंकेसर मागाहून. त्यामुळे लहान भुंगेरे एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर नेतात, आणि शेजारच्या झाडाचे गुण या झाडाच्या बीत उतरतात. उताराच्या या सबंध पसाऱ्यात दोन झाडांचे फळ अगदी एकसारखे मिळत नाही: एकाचा गर रवाळ तर दुसऱ्याचा चिकट, एकात बिया थोड्या तर दुसऱ्यात गराहून बियाच अधिक, एक झाडावरच फुटते तर दुसरे पाटीत दोन दिवस तग धरते.

आणि येथे निवड करणारा कोणी संशोधक नव्हता, तर बाजार होता. आश्विन-कार्तिकात किल्ल्याच्या पायथ्याशी, वेरूळच्या रस्त्यालगत पाट्या मांडून बसलेल्या बायांचे हात पाहावेत. फळावरचे खवले एकमेकांपासून सुटू लागले आणि त्यांच्या मधल्या खाचा पांढुरक्या-पिवळसर दिसू लागल्या, म्हणजे डोळे उघडले. ते फळ उतरवावे, पाल्यात ठेवावे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते पिकते. डोळे मिटलेले फळ उतरविले तर ते काळे पडून दगड होते. कोणत्या झाडाचे फळ लवकर डोळे उघडते आणि कोणत्याचे गोड निघते, हे त्यांना झाडागणिक ठाऊक असते. गोड झाडाचे फळ आधी विकले जाते, घरी आधी खाल्ले जाते, आणि परसात, उकिरड्यावर, बांधावर त्याच्याच बिया अधिक पडतात. सीताफळ तीन-चार वर्षांत फळाला येत असल्यामुळे एका आयुष्यात ही निवड अनेक वेळा घडते. शतकानुशतके चाललेले हे कार्य कोणत्याही सनदेत नमूद नाही, आणि तरीही दौलताबादच्या सीताफळाची ख्याती त्याचेच फलित आहे.

येथील फळझाडांनी परप्रांतही समृद्ध केला. नागपूरकडे अशी परंपरा सांगतात की अठराव्या शतकात रघुजी भोसल्यांनी औरंगाबादेहून संत्र्याचे झाड नेऊन आपल्या खाजगी बागेत लावले, आणि पुढे ज्या संत्र्याने नागपूरचे नाव देशभर झाले त्याचा उगम त्या बागेत आहे. विदर्भातील मंडळी हे मोकळ्या मनाने मान्य करतात. आपल्या शहरातच ते फारसे कोणास ठाऊक नाही, याचा मला विषाद वाटतो.

आता चिंच. तिची बी आठ-दहा वर्षे फळ दाखवीत नाही, आणि दाखविल्यावरही फळ लठ्ठ आहे की चपटे, गर किती, आंबटपणा किती, दरसाल धरते की एकाआड एक, हे कळावयास आणखी कित्येक वर्षे जातात. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आंबा-फणसासारखी झाडे धन्याच्या राजीखुशीवाचून तोडू नयेत, असे बजाविले, ते याच दीर्घ काळाचे भान ठेवून. वर्षा-दोन वर्षांत न होणारी ही झाडे रयतेने अतिशय ममतेने वाढविलेली असतात, हे त्या मुत्सद्द्याने ओळखले होते. चिंचेतील निवड एकट्या माणसाच्या आवाक्यातली नव्हे. तिला माणसाहून अधिक जगणारी संस्था लागते. 18 मे 1972 रोजी परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली, 2013 मध्ये त्यास वसंतराव नाईकांचे नाव दिले गेले, आणि याच विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र हिमायत बागेत आहे. तेथे बीपासून उगवलेल्या चिंचांतून निवडलेला वाण ‘प्रतिष्ठान’ या नावाने प्रसृत झाला. पैठणचे प्राचीन नाव त्यास द्यावे हे उचितच होते. ज्या बागेत एके काळी अमीर-उमरावांसाठी फळे पिकत, तीत आज कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधासाठी चिंचेची कलमे तयार होतात, आणि त्यांस बीच्या झाडापेक्षा निम्म्या काळात फळ धरते. या बागेच्या साऱ्या इतिहासात हे पर्व मला सर्वांत मोलाचे वाटते.

बीच्या धंद्याने पुढे याच भूमीत निराळे रूप घेतले. जालना हा 1 मे 1981 पर्यंत औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग होता. तेथे बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको ही बियाणे कंपनी काढली, आणि 1998 मध्ये त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या उद्योगाची कथा स्वतंत्र आणि विस्तृत आहे. घरच्या बीची परंपरा तीत मागे पडली, एवढे येथे नमूद करणे पुरे.

ती परंपरा संपलेली मात्र नाही. बार्शी तालुक्यातील गोरमाळे येथील शेतकरी नवनाथ कसपटे यांनी आपल्या मळ्यातील सीताफळांतून ‘एनएमके-1 गोल्डन’ हा थोड्या बियांचा, पिवळसर सालीचा वाण निवडला, आणि तो त्यांच्या नावे रीतसर नोंदला गेला. हे शक्य झाले ते 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमामुळे. ज्या निवडणाऱ्याचे नाव चारशे वर्षे कोणत्याच दप्तराने लिहिले नाही, त्याच्यासाठी आता सरकारी नोंदवहीत रकाना आहे, आणि शेतकऱ्यास या नोंदणीचे शुल्कही पडत नाही.

म्हणून मराठवाड्यातील वाचकांस विनंती आहे: आपल्या बांधावर, परसात अथवा गावाच्या वेशीवर बीपासून वाढलेले आणि इतरांहून निराळे, सरस फळ देणारे सीताफळ, चिंच वा रायवळ आंबा असेल, तर घराच्या किंवा रस्त्याच्या कामासाठी त्यावर कुऱ्हाड चालण्यापूर्वी त्याच्या दोन-चार काड्यांची कलमे बांधून घ्यावीत, त्याचा बहर व फळ यांची साध्या वहीत तारखेनिशी नोंद ठेवावी, आणि हिमायत बागेतील संशोधन केंद्रास तसे कळवावे.